बोस्नियावालीचा सत्कार

शारजात आम्ही राहायचो त्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर दुबईच्या एका हॉटेलने आपल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी फ्लॅट भाड्याने घेतला होता. तिसऱ्या मजल्यावर आम्ही. मी घरी ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची. दाराला पाटी नव्हती, कारण घरात धंदा करायला परवानगी नव्हती, पण वॉचमनपासून लिफ्टमधल्या फिलिपिनो मुलींपर्यंत सगळ्यांना माझं मशीन ठाऊक होतं. पाटी असती तर इतकी गिऱ्हाइकं आली नसती.

ती पहिल्यांदा आली ती एक लालभडक, झालरीचा गाऊन घेऊन. कमरेत सैल करून हवा होता. मी विचारलं, कुठली तू? तर म्हणाली, हॉटेलात स्पॅनिश, घरी बोस्नियाची. मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच, हॉटेलच्या दर्शनी बोर्डावर तिच्या फोटोखाली ‘थेट स्पेनहून’ असं लिहिलेलं होतं. मॅनेजरने तिला समजावलं होतं की माणसं तिथे करमणुकीला येतात. बोस्निया म्हटलं की त्यांना टीव्हीवरच्या बातम्या आठवतात, कुणी युद्धाबद्दल विचारतं, कुणी मदत म्हणून पैसे काढून देतं, आणि या भानगडीत ड्रिंक मागवायचं राहून जातं. तेव्हा हबीबी, तू स्पेनची. युद्ध संपून तीन-चार वर्षं झाली होती, पण हॉटेलच्या हिशेबात ते चालूच होतं.

गाऊनचे मी पंधरा दिरहॅम सांगितले, म्हणजे आपले पावणेदोनशे. तिने घासाघीस केली नाही, म्हणून मीच बारा घेतले. तिथून आमची ओळख वाढली. तिचं काम संध्याकाळचं, त्यामुळे दुपारी ती माझ्याकडे येऊन बसायची. मोडकं इंग्रजी, त्यात हॉटेलच्या किचनमधून उचललेलं हिंदी, एवढ्यावर आमचं चालायचं. बदामाला तिच्याकडे बादेम म्हणतात आणि दुश्मनाला दुश्मनच, हे कळल्यावर तर मला ती माहेरच्या गावची वाटायला लागली.

तिची सगळी हकिगत मी अशी मापं घेता घेता ऐकली. डोंगरातल्या एका गावी तिच्या वडिलांचं कॉफीचं दुकान होतं. आई जाकिटांवर कलाबतूचं भरतकाम करायची आणि हात चालू असताना गायची. तिकडे जुन्या लोकगीतांना सेवदालिंका म्हणतात. सगळी वाट पाहण्याची, न मिळालेल्या माणसाची गाणी. ही आईकडून शिकली, सोळाव्या वर्षी लग्नांत गायला लागली. तिकडचं लग्न दोन-दोन दिवस चालतं आणि गाणारीला मधे जेवायलाही सोडत नाहीत. मग रेडिओवर लागली. तिथल्याच अकॉर्डियन वाजवणाऱ्याशी तिचं लग्न झालं. दोन कॅसेट निघाल्या. ट्रकवाले तिची गाणी लावायचे, हे ती फार अभिमानाने सांगायची.

मग युद्ध. रेडिओ स्टेशन जळलं, त्यात तिच्या टेपा गेल्या. घर गेलं, त्यात कॅसेट गेल्या. नवऱ्याला बसमधून इतर पुरुषांबरोबर उतरवून घेतलं, तो परत आला नाही. मेला म्हणून कुणी कागद दिला नाही, जिवंत आहे म्हणूनही नाही. आई आता दुसऱ्या गावी, बेघरांसाठी बांधलेल्या चाळीसारख्या वस्तीत राहत होती. हिने दर महिन्याला पैसे पाठवायचे. आई पैसे घ्यायची आणि फोनवर दर वेळी एकच विचारायची: तू तिथे गातेस की आणखी काही करतेस?

हा प्रश्न मला तिने पहिल्यांदा सांगितला तेव्हा माझ्या तोंडातल्या टाचण्या तशाच राहिल्या. वस्तीतल्या बायकांनी म्हातारीच्या मनात भरवून दिलं होतं की दुबईच्या हॉटेलात गेलेल्या पोरी गात-बित नसतात. हिच्याजवळ पुरावा काय, तर लाल गाऊनमधला फोटो, खाली स्पेन. तो फोटो आईला दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा. तिला हवी होती एक व्हिडिओ कॅसेट. समोर खुर्च्यांवर बसलेली, बायकापोरांसह आलेली चारचौघांतली माणसं, अंगात आईने भरलेलं जाकीट, आणि आईचंच एक गाणं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत.

त्या गाण्याचा अर्थ तिने मला सांगितला होता. एक बाई दूर गेलेल्या माणसासाठी सदरा शिवते आणि एक बाही मुद्दाम जोडायची ठेवते. माप घ्यायला तरी त्याला यावं लागेल म्हणून. मी शिवणारी बाई, मला ते ऐकून भरून आलं. म्हणून दाखव म्हटलं तर म्हणाली, असं मशीनपाशी नाही. हे गाणं अर्धवट गायचं नसतं. लोकांसमोर उभी राहून गाईन तेव्हा ऐक.

आता मंडळाबद्दल सांगते. परदेशात चार मराठी माणसं जमली की मंडळ होतं आणि पाचवं आलं की त्यात फूट पडते. आमचं मंडळ न फुटता टिकलं होतं, कारण सगळ्यांना पदं दिलेली होती. अकरा जणांची कार्यकारिणी, त्यात चार उपाध्यक्ष. अध्यक्षांचा रास अल खैमाला टाइल्सचा मोठा धंदा होता. माझा नवरा सचिव, म्हणजे खुर्च्या मांडणारा आणि अहवाल लिहिणारा. त्या वर्षी दिवाळी पहाट करायचं ठरलं होतं. पहाट सकाळी नऊची. शुक्रवारी त्याआधी कोण उठणार? पुण्याहून एक गायक येणार होते, त्यांचा व्हिसा इन्शाल्ला इन्शाल्ला करत शेवटच्या आठवड्यात आलाच नाही. नवरा डोकं धरून बसला तेव्हा मी पाचव्या मजल्यावरच्या बाईचं नाव काढलं.

समितीला आधी ते पटेना. मग कुणाच्या तरी तोंडून ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द निघाला आणि अध्यक्षांचा चेहरा उजळला. ती वाद्यांशिवाय एकच गाणं गाणार, बिदागी नको, फक्त व्हिडिओ कॅसेटची एक कॉपी हवी, हे कळल्यावर तर ठराव एकमताने मंजूर झाला. फक्त बोस्निया नको, असं एक उपाध्यक्ष म्हणाले. सणासुदीला कशाला? तेव्हा पत्रिकेवर छापलं गेलं ‘युरोपच्या सुप्रसिद्ध गायिका’. स्पेनमधून सुटलेली बाई अशी अख्ख्या खंडाची झाली. मी नवऱ्याकडून तिच्यासाठी दहा मिनिटांचा शब्द घेतला आणि तिला जाऊन सांगितला. तिने माझे दोन्ही हात धरले.

जाकीट मी दुरुस्त केलं. गर्द जांभळी मखमल, वर सोनेरी वेलबुट्टी, अस्तर पार विरलेलं. आईच्या हातचं तेवढंच उरलं होतं. तीन दुपारी मी ते मांडीवर घेऊन बसले आणि टाक्याचा दोरा नजरेला दिसू दिला नाही. इतकं मन लावून मी माझ्या पोरीचा फ्रॉकही शिवला नव्हता.

मधे महिला विभागाची बैठक झाली. पाहुणी बाई आहे तर स्टेजवर तिची ओटी भरायची, असं मी सुचवलं. खणा-नारळाने ओटी भरणं हा आपल्याकडचा बाईचा सगळ्यात मोठा मान, पुरुषांच्या शालींपेक्षा मोठा, असं माझं मत होतं आणि अजून आहे. पण एकीने हळूच विचारलं, नवरा आहे का तिला? मी खरं ते सांगितलं, बेपत्ता आहे. झालं. बेपत्ता म्हणजे सवाष्ण धरायची की नाही, यावर तिथे पाऊण तास चर्चा झाली. एकीने गावी फोन करून सासूबाईंना विचारायचं सुचवलं, आयएसडी असूनही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “तिच्या नवऱ्याच्या मरणाचा कागद तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर दाखवा. नसेल तर ती सवाष्ण, आणि ओटी मीच भरणार.” मी घरी येताना स्वतःवर भलतीच खूश होते.

शुक्रवारी एका भारतीय शाळेचं सभागृह घेतलं होतं. अट एकच, जुम्म्याच्या नमाजाआधी हॉल रिकामा करायचा. अजान झाली की माईक बंद, खलास. तीन तास हातात आहेत म्हणजे पुष्कळ झाले, असं नवरा म्हणाला. त्यातला पहिला तास अध्यक्षांच्या गाडीने घेतला, ती रास अल खैमाहून येत होती. ते आल्यावर दीपप्रज्वलन. एसीच्या झोतात समई पेटेना. एसी बंद केला तर बायकांना घाम फुटला, म्हणून परत लावला, तर समई परत विझली. शेवटी चार उपाध्यक्षांनी समईभोवती कडं केलं, आणि त्या चौघांनी मिळून केलेलं मी पाहिलेलं हे एकमेव काम.

पाचव्या मजल्यावरची आमची पाहुणी स्टेजवर पहिल्या खुर्चीत बसली होती. रात्रीचं काम आटोपून जेमतेम चार तास झोपली असेल. पण जाकीट असं खुललं होतं की बायका माझ्याकडे वळून वळून बघत होत्या. व्हिडिओवाला स्टेजसमोर तिपाई लावून उभा होता. ती त्याच्याकडे पाही आणि मग माझ्याकडे, आणि हलकेच मान डोलवी.

गणेशवंदना झाली, मान्यवरांचा परिचय झाला. मान्यवर आम्हीच सगळे, तरी परिचय झाला. मग सत्कार सुरू झाले. अध्यक्षांनी तिला शाल घातली, नारळ दिला आणि तिच्याबद्दल बोलायला उभे राहिले. तिच्याबद्दल त्यांना काहीच माहीत नसल्यामुळे ते टाइल्सबद्दल बोलले, युरोपातल्या टाइल्स आणि आपल्या टाइल्स. मग प्रायोजक आले, त्यांचा मसाल्यांचा व्यापार. त्यांनी दुसरी शाल घातली आणि गरम मसाल्याचा मोठा खोका तिच्या मांडीवर ठेवला. मग माजी अध्यक्षांना वाटलं की आपल्याला डावललं, म्हणून त्यांच्यासाठी आयत्या वेळी तिसरी शाल काढली, ती कुणासाठी आणली होती देव जाणे. तीन शालींखाली माझं जाकीट दिसेनासं झालं. बाई मात्र दर वेळी उठून उभी राही, छातीवर हात ठेवून वाकून नमस्कार करी आणि परत बसे. तिला वाटत होतं, हे झालं की गाणं.

शेवटच्या दोन रांगांत खोर फक्कानची माणसं होती. बंदरावर काम करणारे कोकणातले गडी, पहाटे उठून बसने आलेले. इस्त्रीचे शर्ट घालून गप बसले होते. त्यांच्यातला एक वयस्क गृहस्थ उभा राहून म्हणाला, “साहेब, बाईंचं गाणं होऊ दे ना. आम्ही त्याच्यासाठी आलोय.” आमच्या एका उपाध्यक्षाने तत्परतेने मागे जाऊन त्यांना सांगितलं की बाहेर पोहे तयार आहेत, गरम आहेत तोवर घ्या. ती माणसं एकेक करून बाहेर गेली. यजमानांचं मन मोडायचं नाही अशी त्यांची रीत.

मला राग आला होता. किती, ते सांगत नाही. पुरुषांना माईक दिला की तो परत घ्यायला पोलीस बोलवावे लागतात, असं मी शेजारणीला म्हणाले. तेवढ्यात निवेदिकेने पुकारलं, आता महिला विभागातर्फे ओटी. मी तबक घेऊन उठले. माझी मुलगी पहिल्या रांगेत होती, माझा पदर ओढून म्हणाली, “आई, शी हॅजन्ट संग येट.” मी म्हटलं, हो गं, हे झालं की लगेच.

तबकात तांदूळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी, सगळं रीतसर. आता हे तिला आणि इतर अमराठी पाहुण्यांना समजायला नको का? म्हणून मी माईक मागून घेतला. ओटी म्हणजे काय, बाईची ओटी भरलेली असावी म्हणजे काय, घर कसं भरलेलं राहतं, हे मी इंग्रजीत सांगितलं. चार दिवस तयारी केली होती. मग महिला विभागातल्या त्या बायका ऐकत होत्या, तेव्हा त्यांनाही लागेल असे दोन शब्द मराठीत बोलले. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर आणखी दोन शब्द सुचले. मग मी तिला कुंकू लावलं आणि पाच वेळा ओंजळीने तांदूळ घातले. पदर नव्हता म्हणून तिने तिसरी शाल पुढे धरली होती. तिचे डोळे भरले होते. मलाही रडू आलं. व्हिडिओवाल्याने जवळ येऊन ते नीट घेतलं.

मी खाली उतरले आणि बाहेरून अजान ऐकू आली.

शाळेच्या पठाण वॉचमनने दारात उभं राहून हाताने खूण केली. कुणीतरी माईक बंद केला, बोलणं थांबलं. ती उठून उभी राहिली होती. गाण्यासाठीच उठली होती, एक हात शाल दूर करायला खांद्यावर गेला होता. अजान ऐकून तिने हात खाली घेतला, मान झुकवली आणि तशीच उभी राहिली. ओटीतले तांदूळ सांडू नयेत म्हणून शाल घट्ट धरून.

पुढच्या महिन्याच्या मंडळवार्तेत अहवाल आला: ‘युरोपच्या सुप्रसिद्ध गायिकेच्या सुरेल गायनाने श्रोते मंत्रमुग्ध झाले.’ मी नवऱ्यापुढे तो अंक धरला. तो खजील होऊन म्हणाला, अगं, अहवाल आधीच प्रेसला दिला होता, आयत्या वेळी धांदल नको म्हणून. सभासदांपैकी एकानेही हरकत घेतली नाही. दोघी-तिघींनी तर मला सांगितलं की आवाज खरंच गोड होता हो.

कॅसेटची कॉपी मात्र मंडळाने कबूल केल्याप्रमाणे दिली. वर छान लेबल लावून. ती घेताना तिने मला काही म्हटलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर उलट तिनेच माझी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी, म्हणाली. नाइस पीपल, म्हणाली.

पुढचं वर्ष आलं नाही. हॉटेलने स्पेन बंद करून ब्राझील सुरू केलं आणि तिचं काँट्रॅक्ट संपवलं. तिला सायप्रसमध्ये काम मिळालं होतं. निघायच्या दिवशी दुपारी ती बॅग घेऊन माझ्याकडे आली. टॅक्सीला अर्धा तास होता. मशीन बंद होतं, मुलं शाळेत, घरात आम्ही दोघीच. ती आली आणि बसली नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली, जाकीट अंगात घालून.

आणि मी काय केलं? मी म्हटलं, थांब हं, आणि किचनमध्ये गेले. लाडू बांधून दिले, चकल्या दिल्या, लिंबाचं लोणचं तीन पिशव्यांत गुंडाळलं. एक नवीन खण काढला, नारळ शोधला, तो सापडेना म्हणून शेजारी जाऊन आणला. वाकून बॅगेत सगळं बसवत होते. ती “सिस्टर, लिसन” असं दोनदा म्हणाली. मी म्हटलं, नाही म्हणू नकोस, वाटेत लागेल. खाली टॅक्सीने हॉर्न दिला. मी तिला मिठी मारून लिफ्टपर्यंत सोडलं आणि जिवाभावाचा निरोप दिल्याच्या समाधानात परत आले.

चार-पाच महिन्यांनी सायप्रसहून तिचा फोन आला. मुलं कशी, मशीन कसं, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, कॅसेट आईने पाहिली. वस्तीत एकाच घरी व्हीसीआर होता, तिथे शेजारच्या बायकांना घेऊन बसली. दोन तास. जाकीट कुठे म्हणून विचारत होती, ते शालींखाली होतं असं हिने सांगितलं. बायका शाली मोजत होत्या. मी ओटीत नारळ घालते ते बघून म्हातारी रडली, असंही ती म्हणाली. शेवटी पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या तरी आई बसून होती, गाणं येईल म्हणून. मग तिने फोन लावून लेकीला विचारलं, “तू गायलीच नाहीस. मग त्यांनी तुला हे सगळं कशाबद्दल दिलं?”

हे सांगताना ती हसत होती. तिकडे तिचं काय चाललं होतं मला दिसत नव्हतं, पण हसत होती. मला सांगायचं होतं की शेवटच्या रांगेतल्या माणसाने गाणं मागितलं होतं गं, आम्हीच त्याला पोहे दिले. ते इंग्रजीत कसं सांगायचं ते सुचेना. मी म्हटलं, आता गा. फोनवर गा. मी ऐकते.

ती म्हणाली, कॉइन संपत आलेत, सिस्टर.

तिच्या खांद्याचं माप साडेचौदा, हे मला आजही पाठ आहे. त्या गाण्यातली एक ओळही मी ऐकलेली नाही.